एक्केचाळीस अस्पष्ट आवाज

झाकण पडलं तेव्हा मुंगी वळली नाही. एवढंच झालं. मोठ्या पातेल्याचं स्टीलचं झाकण माझ्या ओल्या हातातून निसटलं, ओट्याच्या कडेवर आपटून फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती गिरक्या घेत, आधी सावकाश, मग घाईघाईने, कितीतरी वेळ वाजत राहिलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं, म्हणजे त्यांनासुद्धा ऐकू गेलं. मला तर ते दातांत ऐकू आलं. आणि माझी पावणेतीन वर्षांची मुलगी माझ्याकडे पाठ करून दारात बसली होती. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे ती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेत होती, एकावेळी एकच, म्हणून तर तिला मुंगी म्हणतो. तिची मान हलली नाही. खांदे दचकले नाहीत. मी झाकण उचलायचं विसरून तिच्या मानेवरची लव बघत उभी राहिले, कानामागचा तीळ, कानाची पातळ पाळी, जिच्यातून दारातलं ऊन गुलाबी होऊन येत होतं. किती नीट घडवलेला कान. मनात आलं, दार इतकं सुंदर आहे आणि आत कुणी राहतच नसेल तर.

मुंगी बोलत नाही. घशातून काढते ते दोन-तीन आवाज सोडले तर आमचं घर तिच्या बाजूने शांत आहे. माझ्या बाजूने अजिबात नाही. ती पोटात होती तेव्हा कुठेतरी वाचलं होतं की मुलांशी सतत बोलावं, आणि मी परीक्षेला नेमलेलं पुस्तक असावं तसं ते मनावर घेतलं. भूक लागली का गं, दूध देऊ, की पाणी, पाणीच हवंय ना, हे घे, सावकाश, सांडेल. सासूबाईंचं म्हणणं, मुंगीचा बाप साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मूग गिळून बसला होता आणि आता बघ, झोपेतही लिफ्टच्या मोटरबद्दल बोलतो. नवऱ्याचं म्हणणं, ती कामात होती, कामात असलं की मलाही तू हाका मारलेल्या ऐकू येत नाहीत. हे खरं आहे, पण त्याने मला बरं वाटावं असं त्यात काय होतं कुणास ठाऊक. बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही म्हणणी शांतपणे ऐकून घेतली आणि श्रवणचाचणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

तीन आठवडे काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीच तपासणी सुरू केली. तिच्या मागे जाऊन किल्ल्या वाजवायच्या. चमचा पडू द्यायचा. वर्तमानपत्र चुरगाळायचं. टाळी. जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले, वळली आणि नाही वळली. पहिल्या दिवशी ती नऊदा वळली आणि पाचदा नाही. दुसऱ्या दिवशी पाचदा आणि नऊदा. चौथ्या दिवशी एकदाही नाही, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नवऱ्याने वही बघितली. तो म्हणाला, माझ्या पाठीमागे कुणी दिवसातून चौदा वेळा टाळ्या पिटल्या तर पाचव्या दिवशी मी वळणार नाही, घर सोडून जाईन. त्याचं बरोबर होतं. आपण मुलीची परीक्षा घेता घेता तिला न वळायला शिकवलं हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यामागे किल्ल्या घेऊन उभी होते.

यातली गंमत, म्हणजे गंमत म्हणायची तर, माझं कामच ऐकण्याचं आहे. आमच्या ऑफिसात आम्ही आठ जण दोन रांगांत बसतो, कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल, आणि परक्या माणसांचं बोलणं टाइप करून काढतो. सभा, व्याख्यानं, विम्याच्या चौकश्या, डॉक्टरांनी घाईत बोललेले अहवाल. पेडल पुढे दाबलं की आवाज पुढे जातो, टाच टेकली की मागे. दोन माणसं एकाच वेळी बोलली तर दोन तिरक्या रेघा द्यायच्या. मधल्या शांततेसाठी एक वेगळं बटण आहे. ते दाबून ठेवलं की बोलणं नसलेला भाग आपोआप गाळला जातो आणि तासाभराच्या सभेतली पंधरा मिनिटं वाचतात. आणि जे कळत नाही तिथे चौकोनी कंसात ‘अस्पष्ट आवाज’ लिहून पुढे जायचं, असा नियम. मी त्या ऑफिसातली सगळ्यात जलद टाइप करणारी आहे.

शहराबाहेरच्या पाणथळीत ऐकण्याची कसली तरी मांडणी करणाऱ्या एका बाईंचं काम त्या महिन्यात माझ्याकडे आलं होतं. पाणथळ राखीव आहे, तिथे लोक पक्षी बघायला जातात. ह्या बाई त्यांना बघू नका म्हणतात, ऐका म्हणतात, आणि ऐकून झाल्यावर काय ऐकलं ते विचारतात. ते सगळं ध्वनिमुद्रित होऊन आमच्याकडे यायचं. लोक बोलतात तेही उतरवायचं आणि मधे जे वाजतं तेही. ऑफिसात तिचं नाव डबकेवाली पडलं होतं. मी आपल्या पद्धतीने काम करून पाठवलं आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज खरखरीत, घाई नसलेला.

“तुम्ही एक्केचाळीस ठिकाणी ‘अस्पष्ट आवाज’ लिहिलंय,” ती म्हणाली. “मी मोजले. त्यातला एकही अस्पष्ट नाहीये. तुमच्या ओळखीचा नाही, इतकंच.”

मी माफी मागितली. माझी माफी फार लवकर तयार असते. मला वाटलं आता ही आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाईंकडे तक्रार करणार. पण ती म्हणाली शनिवारी या, यादी घेऊन या, सगळ्यांची ओळख करून देते. शनिवारी नवऱ्याची ड्यूटी होती, सासूबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या, आणि चाचणी मंगळवारी होती. मुलगी बरोबर असेल, असं मी म्हटलं, नाही म्हणाली तर बरं अशा आशेने. ती म्हणाली, बूट आणा तिचे, जुने.

बसच्या शेवटच्या थांब्यापासून आम्ही चालत गेलो. फाटकापाशी ती उभी होती, पन्नाशीच्या पुढची, कापलेले केस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि चारही खिशांतून लोंबणाऱ्या वायरी. तिने मुंगीचा गाल ओढला नाही, नाव विचारलं नाही, बोलते का विचारलं नाही. एखाद्या सहकाऱ्याकडे बघून हलवतात तशी मान हलवली. मुंगीने थोड्या वेळाने तिच्याकडे बघून तशीच मान हलवली, पण तोवर ती बाई पुढे निघाली होती. फाटकाच्या आत लाकडी फळ्यांची अरुंद वाट पाण्यावरून जाते. मला पाणथळ दिसलीच नाही. मला पाणी दिसलं, आणि फळ्यांना कठडा नाही हे दिसलं, आणि दोन फळ्यांच्या मधे लहान पाऊल जाईल एवढी फट. मी मुंगीचं मनगट धरलं ते इतकं घट्ट की नंतर तिथे माझ्या बोटांचे वळ दिसत होते. सूर्य, लव्हाळे, दूरवर उभे असलेले दोन बगळे, हे सगळं मला नंतर आठवलं, म्हणजे डोळ्यांनी ते जमा करून ठेवलं असावं.

बाई यादी हातात घेऊन एकेका आकड्यापाशी थांबत होती. वाटेवर ठिकठिकाणी तिने लाकडी नरसाळी उभी केली होती, मोठ्या तोंडाची, आणि त्यांच्या बारीक टोकाला कान लावला की समोरचा तेवढाच तुकडा ऐकू येई. तीन नंबर, लव्हाळ्याच्या पात्यांचं एकमेकांवर घासणं. आठ नंबर, टिबुकली पक्ष्याने बुडी मारली की पाणी मिटतं तो आवाज. मी तो दहादा मागेपुढे करून ऐकला होता आणि कुणीतरी ओठ मिटले असं मला वाटलं होतं. काही नरसाळी अगदी खाली होती. ती मुलांसाठी का, मी विचारलं. वाकायची तयारी असलेल्यांसाठी, ती म्हणाली. मुंगीने एकाला कान लावला, पण मग तिने त्यात तोंड घातलं, मग हात घातला, मग खिशातला एक चिमटा टाकला, आणि मला कुठल्याच रकान्यात काही लिहिता आलं नसतं.

चौदा नंबरसाठी तिने पाण्यात मायक्रोफोन सोडला आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. रोज आठ तास हेडफोन घालणारी मी, पण असं कधी ऐकलं नव्हतं. तापलेल्या तव्यावर थेंब पडावेत तसं चटचटणं, हजारो ठिकाणी, आणि त्यातून मधूनच कुणी दातेरी फणीवरून नख ओढावं तशी किरकिर. ती म्हणाली, नख आहे तो तांदळाएवढा पाणकिडा, अंग घासतोय. आणि चटचट म्हणजे तळाची झाडं, ऊन पडलं की श्वास सोडतात. तेवढ्यात ढग आला. मला तो दिसला नाही, मला तो पाण्याखालून ऐकू आला, कारण चटचट विरळ झाली, आणखी विरळ झाली, आणि थांबली. आणि त्या थांबण्यात मी एकदम त्या पांढऱ्या खोलीत होते, गुडघ्यांवर हिरवं कापड, पायांपाशी तीन पाठमोरी माणसं, आणि कुणी रडत नव्हतं. मूल बाहेर आलेलं मला कळलं होतं आणि रडणं आलं नव्हतं. किती वेळ, हे मी नंतर प्रत्येकाला विचारलं. दाई म्हणाली काही सेकंद. नवरा म्हणाला, लगेच रडली की. अहवालात काहीच नाही. पण मी त्या वेळात म्हातारी झाले होते, मी कुणालातरी म्हणत होते की काहीतरी बोला, कुणीतरी काहीतरी बोला, आणि कुणी बोलेना म्हणून मीच बोलत राहिले. मला वाटतं मी तेव्हापासून थांबलेली नाही. ढग सरकला असावा. एक चट झाली, मग दुसरी, आणि मग पुन्हा ती सगळी.

शेवटी तिने आम्हाला लाकडी झोपडीत नेलं, पक्षी बघायला असते तशी, भिंतीत आडव्या फटी असलेली. तिपाईवर मुद्रणाचं यंत्र ठेवलं. आता अकरा मिनिटं न बोलता बसायचं, मग ते मुद्रण मी स्वतःच उतरवायचं, म्हणजे यादी कशी करायची ते कळेल. मी विचारलं, हिचं काय. “ती करेल ते करू दे,” ती म्हणाली. “बगळा आवाज करतो, तीही करेल. फक्त आपण दोघींनी गप्प बसायचं.” मी गप्प बसले. एवढं मोठं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. मुंगी माझ्याकडे पाठ करून फटीशी उभी होती, लाकडावर नख घासत, आणि मी अकरा मिनिटं तिला सांभाळलं, फक्त नजरेने. फटीसमोरून एक मोठा राखी पक्षी उडाला तेव्हा मीसुद्धा बघत राहिले. यंत्र बंद झालं तेव्हा मला स्वतःचा चक्क अभिमान वाटला.

फाटकाजवळच्या तिच्या खोलीत एक टेबल, दोन स्पीकर आणि चहाची किटली होती. तिने मुद्रण लावलं. लव्हाळे. फळी करकरली. आणि मग अगदी जवळून, ओळखीच्या आवाजात कुजबुज आली, पाणी हवंय का. मी दचकून मागे बघितलं. मग दूध देऊ. मग नको तिथे, काटा लागेल. मग पाय दुखतात का गं. बाईने मला चहा ओतून दिला. अकरा मिनिटांत मी एकोणीस वेळा बोलले होते. शपथेवर सांगते, मला त्यातलं एकही आठवत नव्हतं. श्वास घेतल्यासारखं मी ते बोलले होते. कान लाल झाले, आणि माफी तोंडापर्यंत आली होती, पण त्याच वेळी माझा उजवा पाय टेबलाखाली फरशी चाचपडायला लागला. तो पेडल शोधत होता. कारण ‘दूध देऊ’ ह्या शब्दांच्या खाली काहीतरी होतं.

मी म्हटलं मागे घ्या. तिने घेतलं. पाणी हवंय का, मग एक सेकंद, दोन सेकंद, मग दूध देऊ, आणि त्या ‘देऊ’च्या खाली दबलेला एक बारीक घशातला आवाज. ऑफिसात असते तर चौकोनी कंस टाकून पुढे गेले असते. मी कागद ओढला आणि दोन तिरक्या रेघा मारल्या. पुढे चला, म्हटलं. पाय दुखतात का गं, दोन सेकंद, बसतेस का, आणि त्याच्या खाली पुन्हा. पुन्हा दोन रेघा. एकोणिसांपैकी तेरा ठिकाणी रेघा आल्या. मी तिला विचारत होते, आणि ती उत्तर देत होती, आणि तिचं उत्तर येईपर्यंत मी तिला पुढचं विचारत होते. घरात मी तीन वर्षं शांतता गाळायचं बटण दाबून बसले होते, आणि जे गाळलं जात होतं ते हे होतं. मग तो राखी पक्षी आला, त्याच्या पंखांची जड फडफड दूर गेली, आणि माझी कुजबुज, कुठे गेला. त्यानंतर मी बोलले नव्हते, पक्षी बघण्यात विसरले होते. लव्हाळे. फळी. मुद्रणातली एक माशी डाव्या स्पीकरमधून उजव्यात गेली. आणि मग, स्पष्ट, कुणाच्याही खाली न दबलेलं, “ला.”

“गेला म्हणाली,” मी म्हणाले. “मी कुजबुजले होते. ती पाठमोरी होती.”

“मी डॉक्टर नाही,” बाई म्हणाली. तिने पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं आणि सरकवलं. “मला लांबी तेवढी कळते. तुम्ही विचारल्यापासून तिने म्हणेपर्यंत सात सेकंद आहेत. तुम्ही दोन थांबता.”

मला आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागे कुठेतरी, अजून ओळख न पटलेलं असं काहीतरी उभं होतं. मुंगी कोपऱ्यात बसून वायरींच्या पेटीतून एकेक वायर काढून जमिनीवर सरळ मांडत होती. बाईच्या कामाची वाट लागली होती आणि ती शांतपणे बघत होती.

परतीच्या बसमध्ये मी मुंगीला विचारलं, खिडकी उघडू का. आणि थांबले. सात सेकंद म्हणजे काय हे ज्याने मोजले नाहीत त्याला कळणार नाही. तिसऱ्याला मला पुढचा प्रश्न सुचला, तो मी गिळला. सहाव्याला पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, उघडा की ताई, एवढं काय विचारायचं त्यात. मुंगीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने तिच्या डब्यातला चिमटा उचलला होता. तिने काही म्हटलं नाही, आणि मी खिडकी उघडली नाही. तो पुटपुटत सरळ बसला.

रविवारी नवऱ्याला सांगितलं. त्याने तिला समोर बसवून विचारलं, फिरायला येणार का, आणि बोटांवर मोजत बसला, तर ती त्याची बोटंच बघत राहिली, आणि दहाही संपली. त्यामुळे माझं मन पुन्हा खाली आलं. एक ‘ला’ म्हणजे काय. वारा असेल. लाकूड असेल. मी ऐकायला इतकी आसुसले होते की मला पातेल्यातही शब्द सापडला असता. सोमवारभर मी तिला मोजकं विचारलं आणि प्रत्येक वेळी थांबले. दोनदा काहीतरी आलं, चारदा आलं नाही. मी ते लिहून ठेवलं नाही. वही मी सासूबाईंच्या कपाटावर टाकली होती.

मंगळवारची खोली म्हणजे खोलीच्या आतली खोली होती, भिंतींना जाड करडा स्पंज, आणि दार लागलं की कानांवर कुणी मऊ तळवे ठेवल्यासारखं वाटे. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसणार होती, चष्मा, मोठं घड्याळ, माझ्यापेक्षा लहान. तिने मुंगीला आधी खेळ शिकवला. आवाज आला की कानाशी धरलेला ठोकळा बादलीत टाकायचा. मुंगीला तो खेळ पसंत पडला, एकावेळी एकच वस्तू न्यायची होती. मग तिने मला मुलीच्या मागच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मान हलवायची नाही. हसून म्हणाली, इथे मुलांपेक्षा आयाच जास्त पास होतात. आवाज फक्त मुंगीच्या छोट्या हेडफोनमध्ये येणार होता. मला तो ऐकू येणार नव्हता.

ती काचेपलीकडे गेली. तिचा अंगठा बटणावर दाबला गेलेला मला दिसला. एक. दोन. मुंगीने ठोकळा कानाशी धरला होता आणि ती हलली नाही. तीन. माझ्या रक्ताचा आवाज त्या खोलीत इतका मोठा होता की तो तिला ऐकू जाईल असं वाटलं. तपासणारीने वाट बघितली, मग खाली बघून कागदावर एक आडवी रेघ ओढली. न वळल्याची ती रेघ मी तीन आठवडे रोज ओढली होती, मला ती लांबूनही वाचता येते. चार. तिचा अंगठा पुढच्या बटणाकडे गेला.

मी हात वर केला. बोलले नाही. मुंगीच्या मागे, तिला दिसणार नाही असा, काचेकडे तळवा करून सरळ वर. तपासणारीने मान उचलली. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि तिच्या जागी मी असते तर माझ्याही पडली असती. पण अंगठा अधांतरी थांबला. पाच. मुंगी ठोकळ्याकडे बघत होती, जणू ठरवायचं अजून बाकी होतं. सहा. हात मी खाली घेतला नाही.

ठोकळा बादलीत पडला.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. जे ऐकलं होतं ते तिने एकटीने ऐकलं होतं, माझ्याशिवाय. काचेपलीकडच्या मुलीने मुंगीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कागदावरची ती रेघ खोडली. मग मनगटावरचं घड्याळ सोडवून समोर उभं करून ठेवलं. मी हात खाली घेतला. मुंगीने दुसरा ठोकळा उचलून कानाशी धरला होता. त्या मुलीने बटण दाबलं आणि आम्ही दोघी थांबलो.